विसाव्या ओळीतलं नाव

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत बुद्धिबळ संघटनेचं कार्यालय. खाली हातोडीची ठकठक, वर ताईंच्या पेन्सिलीची खरखर, अशी जुगलबंदी अठ्ठावीस वर्षं रोज दहा ते पाच चालत आली होती. ताईंना सगळे ताईच म्हणत. अध्यक्ष त्यांच्याहून मोठे, तेही ताई म्हणत, आणि खालचा पंक्चरवालाही.

ताईंचं काम सांगायला सोपं होतं. गावोगावचे आयोजक स्पर्धा भरवत आणि निकालाचा तक्ता पाठवत. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, ओळीत फेऱ्यांची घरं, घरात जिंकल्याचा एक, बरोबरीचा अर्धा, हरल्याचा भोपळा. त्यावरून ताई प्रत्येकाचं रेटिंग काढत. रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. जिंकला की चढतो, हरला की उतरतो. हे आकडे आणि येणाऱ्या स्पर्धांच्या जाहिराती संघटनेच्या मासिक पत्रिकेत छापून येत, आणि शेवटच्या पानावर तळाला ताईंचं नाव असे. खोलीत संगणक आल्याला सहा वर्षं झाली होती. पण ताई आधी वहीत पेन्सिलीने हिशेब मांडत आणि मग यंत्राला विचारत, "हं, तुझं काय म्हणणं?"

तक्ते वाचावेत ते ताईंनीच. दुसऱ्याला नुसते आकडे दिसत, ताईंना अख्खं नाटक दिसे. सलग चार डाव जिंकून पाचवा हरलेला माणूस दिसला की त्या म्हणत, "याला बक्षिसाची स्वप्नं पडली." सगळ्या बरोबऱ्या करणाऱ्याबद्दल म्हणत, "घरी भांडून आलाय, इथे नको म्हणाला."

त्या सगळ्या तक्त्यांत एका तक्त्याची त्या वर्षभर वाट पाहत.

तो यायचा बोटीचा प्रवास संपतो तिथल्या गावातून. तिथल्या वाचनालयात दरवर्षी बारा माणसं पाच फेऱ्या खेळत. प्रवेशशुल्क नाही, बक्षीस म्हणजे एक पुस्तक, तेही वाचून परत करायचं. ग्रंथपाल निकाल लिहायचे ते जुन्या पुस्तकनोंदीच्या कागदांच्या पाठीवर. आणि त्या बारा ओळींत एक ओळ ताईंच्या दादाची असायची.

दादा घर सोडून गेला त्याला तीस वर्षं झाली होती. वडील शिंपी. दुकानाच्या मागच्या खोलीत बहीणभाऊ एका पटावर वाढले. पांढरं एक प्यादं हरवलं होतं, त्याच्या जागी कोटाचं बटण. काळा एक उंट नव्हता, तिथे दोऱ्याचं रिकामं रीळ. दादा सहा वर्षांनी मोठा, पण रीळवाली बाजू नेहमी आपल्याकडे घ्यायचा. ताई खेळी करायला उशीर करत, तेव्हा चिडायचा नाही. "कर विचार, मी काही पळून जात नाही," म्हणायचा.

वडील गेले त्या दुपारी दादा एका स्पर्धेत तिसरी फेरी खेळत होता. ताईंनी निरोप धाडला होता. तो त्याला मिळाला की नाही, मिळाला तर केव्हा, हे कुणी विचारलंच नाही. तो आला तेव्हा सगळं संपलं होतं. दारात उभ्या असलेल्या दादाला ताई भरल्या घरात म्हणाल्या, "जा तू. तुझा डाव अजून संपला नसेल."

आठवड्याने तो गेला. पत्र नाही, पत्ता नाही. दोन वर्षांनी ताईंनी संघटनेत नोकरी धरली ती पगारासाठी नव्हे. तो माणूस जगात कुठेही असला तरी बुद्धिबळ खेळल्याशिवाय राहणार नाही, आणि खेळला की नाव येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. नाव आलं चौथ्या वर्षी, वाचनालयाच्या तक्त्यात, सातव्या ओळीत. त्या दिवशी ताईंनी सायकलवाल्याला वर बोलावून चहा पाजला आणि कारण काही सांगितलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी एक ओळ. साडेतीन गुण आले की ताईंना बरं वाटे. एके वर्षी पाचांतला एकच गुण आला. तब्येत बिघडली असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणत त्या पुढचा तक्ता येईपर्यंत झुरल्या. ग्रंथपालांचा फोन नंबर त्यांच्याकडे होता. पण फोन त्यांनी कधी केला नाही. पत्रिका वाचनालयात जाते, शेवटच्या पानावर आपलं नाव असतं, ते दादा बघतोच, हे त्यांना ठाऊक होतं. रेटिंगशिवायही त्याला खेळता आलं असतं. पण दरवर्षी त्याची ओळ आपल्या टेबलावर येत होती. यापलीकडे काही मागायला तोंड कुठे होतं?

आणि मग दर ठरवायचा विषय निघाला.

संघटनेची तिजोरी आटली होती. पत्रिकेची छपाई महागली, आणि रेटिंगची फी अजून एका खेळाडूमागे पाच रुपये, ताईंचे केस काळे होते तेव्हा ठरलेली. नव्या अध्यक्षांनी साधा उपाय काढला: स्पर्धा लहान असो वा मोठी, सरसकट दोन हजार, आणि पाव पानाची जाहिरात सक्तीची. चारशे खेळाडूंची स्पर्धा भरवणारा एक हॉटेलवाला समितीत होता, तो यावर खूष झाला. न होऊन काय करतो, त्याला माणशी पाचच पडणार होते. वाचनालयाला पडले असते माणशी दीडशेच्या वर. खजिनदार म्हणाले, असं घाईने नको, ताईंना सगळ्या आयोजकांचं अंतरंग माहीत आहे, त्यांनीच रास्त दर काढून आणावेत.

ताई घरी गेल्या त्या विचारातच. दर आपल्या हातात आले याचा आधी आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचीच लाज वाटली. आपण न्याय करणार की दादाची ओळ राखणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून डावाचं घड्याळ काढलं, दोन तबकड्यांचं आणि दोन खटक्यांचं. एका बाजूला तक्त्यातल्या ओळींचा वेळ, दुसऱ्या बाजूला बाकीच्या कामाचा: पाकीट फोडणं, नावं जुळवणं, चुका विचारणारं पत्र लिहिणं, नोंद करणं, पोच देणं. ओळ हातात घेतली की एक खटका, बाकीचं काम आलं की दुसरा. असे पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक स्पर्धेचं काम घड्याळावर केलं. शेजारच्या खोलीतला शिपाई म्हणाला, "ताई, समोर कुणी नाही, आणि तुम्ही हरताय."

घड्याळाने जे सांगितलं त्यातलं बरंचसं ताईंना आवडलं. एका ओळीला दोन मिनिटं, मग ती हॉटेलातल्या खेळाडूची असो की वाचनालयातल्या. म्हणजे फी माणशीच हवी, आणि जास्त माणसं आणली म्हणून सूट नको. जाहिरातीचे दर जागेप्रमाणे: पानाचे पानाइतके, पाव पानाचे पावाइतके. पण स्पर्धेची तारीख आणि ठिकाण सांगणाऱ्या चार ओळी सगळ्यांना फुकट. त्या छापून आल्याशिवाय आपण रेटिंग देत नाही, मग त्यांचेच पैसे घेणं म्हणजे आपणच कुलूप लावून किल्ली विकणं.

एक गोष्ट मात्र आवडली नाही. दुसरी तबकडी प्रत्येक स्पर्धेला चाळीस मिनिटं दाखवत होती. स्पर्धा बारांची असो की चारशेंची, चाळीस. चाळीस मिनिटं म्हणजे वीस ओळी. ताईंनी मोजणी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली, घड्याळाला नीट किल्ली देऊन. चाळीसच. ओळीच्या दोन मिनिटांवर माणशी आणखी दोन मिनिटं बाकीच्या कामाची धरली, तरी वीसहून कमी खेळाडूंची स्पर्धा संघटनेला तोट्यात पडत होती, आणि तो तोटा बाकीचे भरत होते.

कागदावर "किमान दहा खेळाडूंची फी" असं लिहिलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. घड्याळ फक्त त्यांनी पाहिलं होतं. पेन्सिल त्या आकड्याच्या जागेपाशी थांबली. मग त्यांनी लिहिलं: खर्च भागेल अशी माणशी पन्नास, आणि किमान वीसजणांची. वाचनालय वर्षाला साठ भरत होतं. आता हजार.

बैठक दुपारी झाली. हॉटेलवाल्याने सूट मागून पाहिली. ताईंनी त्याच्यापुढे मिनिटांचा कागद ठेवला, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, घड्याळाशी भांडून आपण एकदाही जिंकलो नाही. अध्यक्षांनी सही केली. सगळे उठल्यावर खजिनदार मागे रेंगाळले.

"ताई, दर चोख आहेत. पण यात कुणाचं वाईट होईल, ते सांगा. उद्या मला पत्रांना उत्तरं द्यायचीत."

"माझं," ताई म्हणाल्या.

आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दादाची गोष्ट कुणाला सांगितली. खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "मग हजार तुम्हीच भरा की वाचनालयाच्या नावाने. मी पावती फाडतो, कुणाला कळतंय?"

"नको हो. मग ती ओळ मीच मागवलेली होईल. त्याने पाठवलेली कशी राहील?"

दरांचं पत्रक सगळ्या आयोजकांना गेलं. वाचनालयालाही तेच गेलं, एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

तक्ता नेहमी यायचा तो महिना आला आणि सरला. पुढचा अर्धा संपला. पोस्टमन जिन्यावर दिसला की ताई वहीत डोकं घालत, जणू आपलं काही येणारच नाही. पहिल्यांदाच त्यांना वाटलं की घरातून माणूस गेला तो तीस वर्षांपूर्वी नव्हे, आत्ता गेला. तेव्हा निदान त्या रागात होत्या. रागाचा केवढा आधार असतो माणसाला.

सातव्या आठवड्यात पाकीट आलं. तेच पुस्तकनोंदीचे कागद, पण या वेळी दोन, एकाला एक जोडलेले. वर ग्रंथपालांची चिठ्ठी होती: "पैसे वीसजणांचे घेता, तर म्हटलं वीस खुर्च्या मांडू. माणसं जमवता जमवता उशीर झाला, क्षमस्व. सगळ्यांनी वर्गणी काढली. बोटीचा तिकीटमास्तर, पाववाला, दोन्ही शिक्षिका, सगळ्यांना बसवलं. तरी एकोणीसच झाले. विसावं नाव आमच्या एका जुन्या खेळाडूने घातलं."

ताईंचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं. सातव्या ओळीत दादा होता. बोट तिथे थांबलं नाही, असं प्रथमच झालं. विसाव्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. माहेरचं, शिंप्याच्या दुकानातलं. नावातला शेवटचा उकार दादा असाच लांब ओढायचा.

पहिल्या फेरीची जोडी चिठ्ठ्या टाकून ठरायची. ती निघाली होती सात विरुद्ध वीस. चिठ्ठीने निघाली की कुणी काढली, कळायला मार्ग नव्हता. त्या फेरीच्या घरात दादाला एक गुण होता, आणि खाली ग्रंथपालांच्या बारीक अक्षरात खुलासा: "प्रतिस्पर्धी आला नाही. नियमाने तासभर घड्याळ चालू ठेवलं. खेळाडू जागेवरून उठला नाही."

पेन्सिल खाली ठेवून ताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली ठकठक चालू होती. तासभर. समोर रिकामी खुर्ची, पटापलीकडे दादा, वय वर्षं एकोणसत्तर, पळून न गेलेला.

मग त्या परत आल्या आणि काम करायला बसल्या. न खेळलेला डाव रेटिंगमध्ये धरत नाहीत. त्यांनी दादाचा तो गुण बाजूला काढला, उरलेल्या चार फेऱ्यांवर त्याचा आकडा मांडला, यंत्राला विचारलं, आणि जुळल्यावर नोंदला. आकडा तीनने उतरला होता. विसाव्या ओळीपुढे रेटिंगची जागा कोरी ठेवली.

संघटनेच्या नियमांत एक कलम होतं, खुद्द ताईंनीच कधीतरी घालून घेतलेलं: नाव देऊन गैरहजर राहिलेल्या खेळाडूने महिन्याच्या आत आयोजकाला लेखी कारण कळवावं, नाहीतर पुढच्या वर्षी प्रवेश नाही. त्यासाठी छापील कागद होता. कारणाला एकच ओळ दिलेली. तो कागद त्या आजवर दुसऱ्यांना पाठवत आल्या होत्या.

पहिल्या कागदावर त्यांनी एवढं लिहिलं की ते समासातून वर चढून पाठीवर गेलं. तो फाडला. दुसऱ्यावर वडील आले, निरोप आला, दारातलं ते वाक्य आलं. तोही फाडला. घड्याळ तासभर चालू ठेवणाऱ्याला हे सगळं सांगायचं, तर ते समोर बसून. रजेच्या वहीत त्यांनी पुढच्या वर्षीच्या तारखा लिहिल्या, बोटीला लागणारे दोन दिवस धरून, आणि तिसरा कागद घेतला.

कारणाच्या ओळीत लिहिलं, "उशीर झाला. पुढच्या वर्षी येते, घड्याळ लावून ठेव."

आयोजकाला कुणी "ठेव" म्हणत नाही, हे लक्षात आलं. पण त्यांनी ते खोडलं नाही.