गाडीत बसून राहिलेले मामाजी

अन्याय झाला तो कुहीच्या डॉक्टरीणबाईंवर, आणि झाला गेल्या दसऱ्याला, सकाळी, मुहूर्ताच्या ऐन तोंडावर. सात वर्षं वाट पाहून त्यांचा नंबर लागला, आणि डीलरने त्यांची गाडी एका कंत्राटदाराला काढून दिली. त्या खेपेत नागपूरला गाडी आली होती एकच. आणीबाणी उठली, ओळखीचं राज्य काही उठलं नाही.

माझे मामाजी त्या मोटार कंपनीचे विदर्भाचे साहेब. सगळे डीलर त्यांच्या हाताखाली, पण ओरडणं त्यांना जन्मात जमलं नाही. त्यांची पद्धत एकच: जायचं आणि काम होईपर्यंत बसायचं. अकोल्याच्या डीलरकडे सुट्या भागांसाठी ते इतके बसले, की शेठच्या आईने त्यांच्यापुढे मेथीची जुडी टाकली. त्यांनी निवडून दिली.

त्या सकाळी मामाजींसोबत मीही नागपूरच्या शोरूममध्ये होतो. बाई आल्या, सोबत पांढऱ्या लुगड्यातली आई. गाडी घेऊन थेट दीक्षाभूमीवर जायचं, हे आईचं कधीचं ठरलेलं. आणि गाडीला हार घालून कंत्राटदाराचं कुटुंब नारळ घेऊन उभं! मी तिथंच निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं.

"थांब गा तू," मामाजी म्हणाले, आणि दार उघडून स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

डीलर धावत आला. "साहेब, उतरा ना जी. मुहूर्त चालला."

"जाऊ दे. मी बसून राहिलो ना."

"पण काहून?"

"गाडी बाईची हाय. तिले चावी द्या, उतरतो."

कंत्राटदारीणबाई जावेला म्हणाल्या, "कुंकू कोणाले लावू वं? गाडीले का ह्या माणसाले?"

मामाजींनी कपाळ पुढे केलं. बघे फिदीफिदी हसले. मुहूर्त टळला तसा कंत्राटदार तणतणत म्हणाला, "असली अपशकुनी गाडी मले नाही पाहिजे!" आणि बिऱ्हाडासकट चालता झाला. डीलरने बाईंना चावी दिली.

मामाजी गुडघे चोळत उतरले. म्हातारीने विचारलं, "जेवले का जी भाऊ?"

"नाही, बाई."

"मंग बसा मागं. आमच्यासंगं चला."

पत्रक कुणी मागितलंच नाही, म्हणून इथं लिहितो. वाचकहो, तुमचा साडू, व्याही, दोस्त कुठल्यातरी शोरूममध्ये असेलच. त्याला आजच सांगा: दुसऱ्याच्या नंबरावरची गाडी मी घेणार नाही.