संघपालची तहान

आधीच सांगतो, भूतप्रेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं आणि नीट शोधलं की ते सापडतं. वीस वर्षं याच भरवशावर पोट भरलं. तरी हे लिहितोय, कारण याचं कारण मला सापडलेलं नाही.

गाव मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. विहाराच्या मागं पत्र्याचा एक हॉल आहे. माझा मित्र संघपाल तिथं दर रविवारी 'कॉम्प्युटर कट्टा' भरवायचा. ऑफिसांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर तो अकोल्याहून एसटीनं आणायचा, मॉनिटर मांडीवर घेऊन. मी ते दुरुस्त करायचो, तो त्यात लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकायचा आणि लोकांना मराठीत टाइप करायला शिकवायचा. शिवणकाम करणाऱ्या बाया, सोयाबीन-तूरवाले शेतकरी, कॉलेजच्या पोरी... कोणालाच नाही म्हणायचा नाही. ज्याला आलं त्यानं पुढं दोघांना शिकवायचं, एवढीच फी.

मागच्या एप्रिलमध्ये त्याच्या पोटात अचानक दुखायला लागलं. अकोल्याला नेलं, पण ऑपरेशन होण्याआधीच तो गेला.

यंदा वर्ष झालं म्हणून कट्ट्याच्या लोकांनी रविवारी हॉलमध्ये जमायचं ठरवलं. आदल्या दिवशी भर दुपारी मी कॉम्प्युटर साफ करायला गेलो. सोबत संघपालची बायको, प्रज्ञा वहिनी. कट्टा आता त्याच चालवतात. पत्रा तापला होता. धूळ झाडायला सातही कॉम्प्युटरांचे कीबोर्ड काढून मी चटईवर पालथे घातले होते. नेटवर्कच्या वायरी गुंडाळून बाजूला. पडदा नीट दिसतो का ते पाहायला संघपालचा कॉम्प्युटर तेवढा सुरू केला आणि माउसनं क्लिक करून लिहायचं एक कोरं पान उघडलं.

फडकं घ्यायला वळलो. परत पाहिलं तर पानावर 'वि' होतं.

मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. मग 'ज' आला. मग थांबलं. मग 'विज्या' पूर्ण झालं.

ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. संघपाल दोन बोटांनी टाइप करायचा आणि जोडाक्षर आलं की असाच अडायचा. शिवाय मला विज्या म्हणणारा तो एकटाच.

पुढं आलं — 'पानी दे'.

'ण' नाही, 'न'. बोलायचा तसंच लिहायचा.

मी चटईकडं पाहिलं. कीबोर्ड सातही तिथंच. यंत्राच्या मागं हात घातला. वीज, माउस आणि पडद्याच्या वायरी सोडल्या तर काही जोडलेलं नव्हतं. पडद्यावर पुन्हा — 'पानी दे'. आणि पुन्हा.

वहिनी कधी मागं येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी वाचलं. मग अगदी हळू विचारलं, "हे पानी काहून मांगून राह्यले, भाऊ?"

वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं ते तेव्हा सांगावं लागलं. दवाखान्यात शेवटचा तासभर त्याच्याजवळ मी एकटा होतो, वहिनी कागदपत्रांसाठी खाली गेल्या होत्या. ऑपरेशनआधी पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण तो मागतच राहिला. शेवटी त्याला दिसू नये म्हणून मी बाटली पलंगाखाली सरकवली. थोड्या वेळानं तो मागायचा थांबला. मला वाटलं, डोळा लागला...

"तुमी तं म्हनले होते, शांत गेले," वहिनी म्हणाल्या.

मला वर बघवेना.

त्यांचा आवाज चढला नाही. "द्या मंग आता."

माठातून ग्लास भरला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. ग्लास पडद्यासमोर ठेवला, तशी अक्षरं थांबली. मिनिटभर काहीच नाही. मला वाटलं, सुटलो.

मग एकच शब्द उमटला.

'अजून'.

वहिनींनी भिंतीतला प्लग उपटला.

पुढं मी ते यंत्र पुरतं सुटं करून पाहिलं. आत वायरलेस काही नव्हतं. पान सेव्ह झालेलं नव्हतं, त्यामुळं दाखवायलाही काही नाही. पुण्यातल्या एका जाणकाराला विचारलं, तर तो म्हणाला उन्हाचा भास असेल. पण दोघांना एकच भास?

रविवारी हॉल भरला. वहिनी संघपालबद्दल छान बोलल्या. शनिवारचं अवाक्षर काढलं नाही. ते यंत्र मात्र त्यांनी मांडू दिलं नाही.

माणूस मेल्यावर काही उरतं असं वहिनी आणि मी, दोघंही मानत नाही. आजही नाही. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. तो 'अजून दे' म्हणत होता, की त्याला अजून तहान लागलेलीच आहे? वहिनींना हे विचारायची माझी हिंमत होत नाही. त्यांनाही हाच प्रश्न पडला असेल, याची मला जास्त भीती वाटते.