रांगेतली म्हातारी

माझ्या पदवीचं सगळं श्रेय शेवंताआत्याचं. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागल्याशिवाय ती चहा घेत नसे.

आज मुलीच्या पुस्तकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काच्या लढ्यातला जुना फोटो दिसला. पोलिसांसमोर, पर्स छातीशी धरून रांगेत उभी असलेली म्हातारी. मी कतारला दोह्यात कामाला होतो, फुटबॉल विश्वचषकाची तयारी चालली होती, तेव्हा मेसमधल्या मासिकात हाच फोटो मी पाहत होतो, आणि आत्याचा फोन आला.

"मतदानाला येतोस ना रे?"

"रजा नाही गं, आत्या. स्टेडियमचं काम आहे."

"स्टेडियम काय पळून जातंय?" ती हसली.

फोटो कापून मी पत्रासोबत पाठवला. ते पोहोचण्याआधीच आत्या गेली. मी लिहिलं होतं, "आत्या, ही बाई अगदी तुझ्यासारखी उभी आहे. पुढच्या वेळी तुझ्या मागे मी उभा राहीन. चहा नंतर बरोबरच घेऊ."