गाडीच्या डोळ्याखालचं काजळ

आजवर आमच्या घरात आलेल्या प्रत्येक गाडीबद्दल आधी एकच प्रश्न विचारला गेला आहे: मागे किती पोती बसतील? जीप घेतली ती याच प्रश्नावर, त्याआधीची पिकअपही याच प्रश्नावर. अशा घरातली मी, पन्नाशीला टेकलेली, शहाद्याच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, आणि प्रेमात पडले कुणाच्या, तर जिच्यात पोतं सोडा, दळणाचा डबाही धड मावणार नाही अशा गाडीच्या.

त्याचं असं झालं. अंकलेश्वरला लग्नाला निघालो होतो आणि अक्कलकुव्याजवळ जीप पंक्चर झाली. हायवेवर एका टायरवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे हे पंक्चर काढून घेत होते. ते नुसते उभे राहत नाहीत, देखरेख करतात. मी आपली सावली शोधत शेडच्या मागच्या बाजूला गेले, तर तिथे ती उभी होती. लाल. दोनच दारं, दोनच सीटा, टप मागे गुंडाळलेला. पुढच्या नाकावरचा कंपनीचा बिल्ला कधीच पडून गेलेला, डाव्या दिव्याच्या काचेत पाणी शिरलेलं. सुरतच्या कुणा हौशी माणसाची होती म्हणे. त्याची मुलं मोठी झाली, आता मावत नाहीत, म्हणून विकायला ठेवून गेला. "बेसो ने, बेन," टायरवाला म्हणाला. "बेसवाना पैसा नथी."

मी बसले. बसले म्हणजे काय, जवळजवळ जमिनीवर गेले. पदर गोळा केला, दार ओढून घेतलं, आणि मला हसू फुटलं. कारण काहीच नव्हतं. शेडमध्ये एकटी बसून मी हसत होते, आणि तेवढ्यात हे आले. त्यांनी वाकून आधी काटा बघितला. सव्वादोन लाख किलोमीटर.

"पृथ्वीला पाच फेऱ्या मारी चुकनी हाई," ते म्हणाले.

"मंग रस्ता पाठ व्हई तिले," मी म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस मी वेडी झाले होते, दुसरा शब्द नाही. नववीच्या वर्गात गरज नसताना वेग, वेळ आणि अंतराची गणितं घेतली. भाजी चिरताना गिअर बदलत होते. ह्यांचे मुद्दे रोज वाढत होते, आणि सगळे बरोबर होते, हाच तर त्रास होता. म्हसावदच्या गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकेल. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे ती दिसणारसुद्धा नाही. सुटे भाग कुठे मिळणार? आणि लोक काय म्हणतील, बाईंना म्हातारचळ लागला. माझ्याकडे एकच मुद्दा होता, की मला ती हवी आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला बिनकामाची एक वस्तू हवी होती. हा मुद्दा काही वादात टिकत नव्हता.

शेवटी ह्यांनी हुशारी केली. म्हणाले, आप्पा बघतील. आप्पा हो म्हणाले तर घ्यायची, नाही म्हणाले तर परत नाव काढायचं नाही. मी कबूल झाले. नाही कशी म्हणणार?

आप्पा म्हणजे माझे वडील. माझं माहेर आणि सासर म्हसावदलाच, एका गल्लीच्या अंतरावर. आप्पांनी बघितल्याशिवाय आमच्या दोन्ही घरांत जनावर आलेलं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लोक त्यांना मुद्दाम बरोबर घेऊन जात. ते घोड्याभोवती डावीकडून फिरत, भोवरे बघत, खूर उचलून बघत, आणि मालकासमोर एक अक्षर बोलत नसत. निकाल द्यायचा तो घेणाऱ्याच्या कानात.

त्यांची स्वतःचीही एक काळी घोडी होती. तिनं कधी औत ओढलं नाही की गाडी ओढली नाही. संध्याकाळी आप्पांना तापीच्या रस्त्यानं फिरवून आणायचं, एवढंच तिचं काम. आई तिला बिनकामी म्हणायची आणि रोज सकाळी उठून तिच्या डोळ्याखाली काजळ लावायची, दृष्ट लागू नये म्हणून. मी लहानपणी ते बघायला ओट्यावर बसून असायची. घोडी मान खाली करून शहाण्यासारखी लावून घ्यायची.

आता आई नाही, घोडीही नाही. आप्पा खुबा मोडून पडले तेव्हापासून ओट्यावरून फाटकापर्यंत आणि फाटकावरून ओट्यापर्यंत, एवढाच त्यांचा फेरा उरला होता. पण गाडी बघायला चला म्हटल्यावर त्यांनी फेटा मागितला. फेटा कितीतरी वर्षं बांधला नव्हता.

अक्कलकुव्याला ते काठी टेकत तिच्याभोवती डावीकडून फिरले. टायरांवर काठी वाजवून बघितली. बॉनेट उघडायला लावून आत वाकले आणि नाकानं वास घेतला. मग तिला चालवायला लावली, पण शेडपासून फक्त झाडापर्यंत आणि परत. "चाल देखनी शे," एवढंच बोलले. टायरवाला हसू दाबत होता. मला नाही हसू आलं. निकालाच्या दिवशी पोरी उभ्या राहतात तशी मी उभी होते.

हे आणि टायरवाला चहाला गेले, तेव्हा आप्पांनी मला जवळ बोलावलं. काठीचं टोक डाव्या दिव्याखाली टेकवलं. दिव्यात साचलेलं पाणी कधीतरी गळून तिथून खाली बंपरपर्यंत गंजाचा एक तपकिरी ओघळ आला होता.

"आसूढाळ शे," ते माझ्या कानात म्हणाले. "लेवानी नही."

आसूढाळ म्हणजे घोड्याच्या डोळ्याखालचा भोवरा. ज्याच्या डोळ्याखाली तो असतो तो घोडा मालकाला रडवतो, असं घोडेबाजारात मानतात. असा घोडा फुकट दिला तरी कुणी दावणीला बांधत नाही. मी गणिताची बाई. गाडीला भोवरा नसतो, तो गंज आहे, हे मला माहीत होतं. पण शब्द दिला होता, आणि आप्पांच्या तोंडून नाही आलं होतं. मला तिथेच रडू आलं. म्हटलं, घ्या, आसूढाळ खरा ठरला, विकत घ्यायच्या आधीच.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. म्हणाले, जरा बसून बघतो, पाय दुखतात. मी त्यांना हाताला धरून डाव्या सीटवर बसवलं. फेटा टपाला अडकायचा प्रश्नच नव्हता, टप मागे गुंडाळलेलाच होता. ते बसले, पाय लांब केले, मागे टेकले. चहा पिऊन हे दोघं परत आले तरी ते तसेच होते.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "मन्हाघाई उठावत नही."

आम्ही ओढून बघितलं. टायरवाल्यानं काखेत हात घालून बघितलं. ह्यांनी मागून रेटा दिला. पण सीट इतकी खाली होती आणि खुबा असा, की जरा वर आले की परत आत. तिसऱ्या वेळी आप्पांनाच हसू आलं, आणि हसणाऱ्या माणसाला उचलणं फार कठीण असतं. शेवटी टायरवाल्यानंच तोड काढली. त्याला शहाद्याला काम होतंच. तो ह्यांच्याबरोबर जीपमध्ये येईल, मी गाडी आणि गाडीतले आप्पा घेऊन पुढे जायचं, आणि घरी चार माणसं लावून उतरवून घ्यायचं. तिथून तो गाडी परत नेईल.

म्हणून मी ती चालवली. एकदाच मिळणार म्हणून जीव ओतून चालवली. तळोद्याच्या पुढे डोंगरातल्या गावांकडे निघालेल्या जीपच्या टपावरची माणसं आम्हाला विहिरीत डोकावल्यासारखी बघत होती. आप्पांनी त्यांना हात केला. उसाची ट्रॉली आली की आम्ही तिच्या चाकांच्या उंचीचे, अंगावर चिपाडं पडायची. वारा लागत होता. माझे केस सुटले, आप्पांच्या फेट्याचा शेमला मागे उडत होता, आणि आम्ही दोघंही विनाकारण हसत होतो. आरशात बघितलं तर आमची जीप कुठेच नव्हती.

"आते पयू दे तिले," आप्पा म्हणाले.

मी पळू दिली. शहादा जवळ आलं तेव्हा ते एकदम बोलले.

"तुन्ही माय घोडीले काजय कसाले लावे, माहीत शे का?"

"दिठ लागाले नको म्हनीसन."

"ते तिले वाटे. तठे आसूढाळ व्हता. लेवाना दिन मीच काजय लाई दिन्हं, तिले दिखाले नको म्हनीसन. मंग रोज तीच लावाले लागनी."

मी वेग कमी केला. ज्या माणसाच्या शब्दावर तालुका घोडे घेत होता, त्यानं स्वतः आसूढाळ असलेली घोडी घेतली होती, आणि बायकोपासून लपवली होती.

"मंग? आसू उनात का?"

"उनात नं," आप्पा समोर बघत म्हणाले. "घोडी मरनी तवय. ईस वरीसमा तितलाच."

म्हसावद आलं. गावातल्या पहिल्या गतिरोधकावर तिचं पोट टेकलं, ह्यांनी सांगितलं होतं तसंच. आप्पांच्या फाटकासमोर मी गाडी थांबवली आणि आप्पांना उतरवायला दार उघडलं, तर ते म्हणाले,

"माले ऱ्हाऊ दे. तुन्हा पाकीटमा काजय शे का?"

होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"मंग जीप येवाना पहिले लाई दे."

मी चांगल्या साडीत रस्त्यावर गुडघे टेकले आणि गाडीच्या डाव्या डोळ्याखाली काजळ लावायला लागले. ओघळ लांब होता, अर्धी कांडी संपली. मी एकाच वेळी हसत होते आणि रडत होते. मागे जीप थांबली.

"हाई काय लाई ऱ्हायनी?" ह्यांनी विचारलं.

"तीट शे, जवाईबापू," आप्पा आतून म्हणाले. "लाल गाडी शे, दिठ लागी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "म्हंजे लेवानी?"

"मी उतरी ऱ्हायनू का?" आप्पांनी विचारलं.

टायरवाल्यानं गाडीतली किल्ली काढून माझ्या हातात दिली, पण त्याआधी तिच्यातली कडी काढून खिशात ठेवली. जनावर विकलं तरी दावं आपल्याकडे ठेवायचं, ही रीत त्यालाही ठाऊक होती. मग चार माणसं लावून आम्ही आप्पांना बाहेर काढलं.

आता रविवारी संध्याकाळी मी त्यांना तापीच्या रस्त्यानं फिरवून आणते. पावसाळ्यात काचेत पाणी परत साचतं, ओघळ परत येतो. दर शनिवारी आप्पांच्या फाटकासमोर गाडी धुतली की आमचे हे आत जातात, माझ्या पाकिटातली काजळाची कांडी आणतात आणि डाव्या दिव्याखाली नीट, जाड लावतात. आप्पा ओट्यावरून बघतात. मी त्यांच्या शेजारी बसून असते.