लांबच्या मरणाचं सुतक

मर्लिता लग्न होऊन जपानच्या डोंगरातल्या आमच्या या खेड्यात, कामिनोसावात, आली त्याला तेरा वर्षं झाली, आणि या तेरा वर्षांत तिनं गावाचं एकही काम चुकवलं नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. फिलिपिन्सच्या समुद्राकाठची पोर ती. डोंगरातला पहिला हिवाळा तिनं चुलीपाशी रडून काढला. पण शाळेचं गवत काढायचं म्हटलं की सकाळी सहाला विळा घेऊन हजर. दर एप्रिलला पोरांच्या आयांनी शाळेच्या लाद्या पुसायला हातानं फडकी शिवून द्यायची असतात. तिची फडकी सगळ्यांत जाड. पहिल्या क्रीडादिनाला बाकीच्या बायका सुबक डबे उघडून बसल्या, तर ही बया अख्खं पातेलं भरून शेवया घेऊन आली. "लग्न काढलंस का गं कुणाचं?" म्हणून बायका लोळेपर्यंत हसल्या. तीही हसली. पुढच्या वर्षी तिच्या डब्यातल्या अंड्याच्या वड्या अशा कापलेल्या होत्या, की नाव ठेवायला कुणाला जागा उरली नाही.

हे सगळं कुणासाठी? लेकीसाठी. आपलं जाऊ दे, पण कोझुएला कुणी 'परकीची पोर' म्हणू नये, एवढाच तिचा ध्यास.

आमच्याकडे शरदातल्या जत्रेला सहावीतली मुलगी देवापुढे घुंगरांची काठी घेऊन नाचते. शाळेत उरलीत सात पोरं, सहावीत एकटी कोझुए. मार्चमध्ये शाळेला कुलूप लागणार, म्हणजे हा नाच शेवटचाच. तरी देवस्थानचा म्हातारा प्रमुख तोराझो दोन महिने घोळ घालत बसला. "नाच गावच्या रक्ताच्या पोरीचा," म्हणे.

नाच शिकवणारी फुसाए आजी शहाऐंशीची, जीभ विळ्याहून धारदार. ती म्हणाली, "मग तुझी नात आण की टोकियोहून! येतेय का? नाही ना? मग तोंड मिट."

झालं, ठरलं. कोझुए शाळेच्या दालनात रोज दोन तास नाचायला लागली. रात्री झोपेतही तिचे पाय हलायचे. मर्लिताच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं.

आणि जत्रेला चार दिवस उरले असताना, बुधवारी दुपारी, शाळेत लेकीच्या लाल घोळदार वस्त्राला इस्त्री करताना तिचा फोन वाजला. धाकट्या भावाचा, नेस्तोरचा. ती बाहेर हात धुवायच्या नळांपाशी गेली.

"ताई, आई गेली गं. सकाळी. चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..."

मर्लितानं नळ सोडला, का ते तिचं तिलाच कळलं नाही.

"रविवारी सकाळची प्रार्थना झाली की माती द्यायची. तू येतेयस ना? उद्याच्या विमानानं येतेयस ना, ताई?"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं बाईनं? आमच्या गावात घरात किंवा बाईच्या माहेरी मरण झालं की पन्नास दिवस सुतक. त्या घरच्या माणसानं देवळाच्या लाल कमानीखालून जायचं नाही. नाचायची तर बातच सोडा. ती विमानात बसली की गावाला कळणार, आणि गावाला कळलं की कोझुएचा नाच गेला.

"नाही जमणार रे," ती म्हणाली.

पलीकडून फोन बंद झाला. ती तोंडावर पाणी मारून आत आली. "काय गं, डोळे लाल?" कुणीतरी विचारलं. "साबण गेला," म्हणाली, आणि इस्त्री उचलली.

नवऱ्याला, कात्सुतोशीला, तिनं संध्याकाळी सांगितलं. लाकडाच्या वखारीत काम करणारा सरळ माणूस, बायकोवर कधी आवाज चढवलेला नाही. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि बराच विचार करून म्हणाला, "रविवार होऊ दे. मग रड."

चांगल्या माणसांच्या तोंडून कधी कधी असं काही निघतं, की त्यापेक्षा शिवी बरी.

तीन दिवस ती मूग गिळून बसली. बायकांबरोबर जत्रेचे भाताचे लाडू वळले, विनोदांवर हसली, कोझुएचे केस बांधून पाहिले. फक्त एकदा मुळा किसताना बोटं किसली गेली तरी तिला कळलं नाही. शेजारणीनं रक्त पाहून आरडाओरडा केला तेव्हा कळलं. आईला आपण दोनदा मारलं, असं सारखं तिच्या मनात येत होतं. एकदा देवानं नेली, आणि एकदा आपण लपवली.

रविवारी सगळा गाव देवळाच्या दगडी पायऱ्यांखाली जमला. कोझुए पांढऱ्या-लाल कपड्यांत, ओठांना रंग, हातात घुंगरांची काठी. इतकी देखणी दिसत होती की मर्लिताला तिच्याकडे बघवेना. वर चढण्याआधी तोराझोनं नेहमीप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "ज्याच्या घरी सुतक आहे, त्यानं बाजूला व्हावं."

ही नुसती बोलायची रीत. सुतकाची माणसं मुळात घराबाहेर पडतच नाहीत, त्यामुळे कुणी हलत नाही. तीन श्वास थांबायचं आणि चढायला लागायचं.

पहिला श्वास झाला, दुसराही झाला. तिकडे याच घटकेला आईवर माती पडत असेल, हे मर्लिताच्या डोक्यात आलं आणि तिचे पाय आपोआप बाजूला झाले. शपथेवर सांगते, तिनं ठरवलं नव्हतं. कात्सुतोशीनं बाही धरली, ती सुटली.

"कोझुएच्या आई, काय झालं?" तोराझो गोंधळला.

"माझी आई गेली. बुधवारी."

कुजबुज उठली. कुणी म्हणालं आता नाचणार कोण, कुणी म्हणालं चार दिवस लपवलं होय हिनं! तोराझोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. त्याला जत्रा वाचवायची होती. खरं सांगायचं तर त्याला हिलाही वाचवायचं होतं, म्हणूनच तो इतक्या मायेनं म्हणाला, "अहो, मग घाबरता कशाला? ते तिकडचं मरण. परदेशातलं सुतक आपल्या देवाला लागत नाही. ते आपण धरत नाही. चल पोरी, चढ."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हसलेसुद्धा दोघं-तिघं. मिळालं की तिला हवं ते! आता फक्त मान हलवायची होती.

"लागतं," मर्लिता म्हणाली.

"काय?"

"लागतं सुतक. तेरा वर्षं मी तुमची सगळी सुतकं पाळली. तुमच्या वडिलांचं पाळलं. माझ्या आईचं लागत कसं नाही?"

तेवढ्यात कोझुएचा आवाज आला, बारीक. "आजी गेली? बुधवारी? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कोझुए..."

"मग आता कशाला सांगितलंस!" पोर किंचाळली. "नाच झाल्यावर सांगायचंस ना! चार दिवस गप्प बसलीस, अजून एक तास नाही बसवलं?"

मर्लितानं लेकीच्या हातातली काठी काढून कात्सुतोशीकडे दिली आणि तिला ओढत घरी नेलं. वाटेत पोर तिला बुक्क्या मारत होती. घरी आल्यावर ती तशीच, त्या कपड्यांत, भिंतीकडे तोंड करून पडली. ओठांचा रंग चटईला लागला. तिनं आजीला उभ्या आयुष्यात तीनदा पाहिलेलं; ती रडत होती ती नाचासाठी. आणि मर्लिताला रडूच येईना. आई गेली, लेक गेली, गाव गेला, सगळं एका सकाळीत. ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर नुसती बसून राहिली.

तासाभरानं दार सरकलं. फुसाए आजी. जत्रेचा किमोनो उतरवून काळे कपडे घातलेले, काखेत ॲप्रन.

"सत्तर वर्षं नाच शिकवला," ती उंबऱ्यातूनच कडाडली. "शेवटचा तू बुडवलास. मरेपर्यंत विसरणार नाही मी."

"फुसाए आजी, मी..."

"गप. तांदूळ कुठायत?"

आमच्याकडे मरण झालं की शेजारच्या बायका त्या घरी रांधायला जातात. पण सुतकाच्या घरच्या चुलीला हात लावला की तो माणूसही पन्नास दिवस कमानीच्या बाहेर. आणि वर जत्रा अजून सुरूच होती.

"आजी, तुम्हाला मग वर जाता येणार नाही," मर्लिता म्हणाली.

"मला शिकवतेस?" म्हातारीनं ॲप्रनची गाठ मारली आणि हंडा नळाखाली धरला. "माणूस गेलंय घरातलं. तुमच्याकडे काय करतात अशा वेळी, ते सांग."

"चिकट भात," मर्लिता म्हणाली. "नारळाच्या दुधात. गूळ घालून. आई..."

आणि तिच्या तोंडून हंबरडा फुटला, जनावरासारखा. तोंडावर हात दाबून ती खिडकी लावायला धावली, कारण इतक्या मोठ्यानं आमच्या गावात कुणी रडत नाही.

फुसाए आजीनं तिचं मनगट धरलं. "राहू दे उघडी," ती म्हणाली. "ऐकू दे त्यांना."