वानवळा बंद झाला तेव्हा

हे महसूल खात्यातून सर्कल इन्स्पेक्टर म्हणून पेन्शनीत निघाले तेव्हा महाडच्या कचेरीत ह्यांना हार घातले, चांदीच्या मुठीची काठी दिली, पेढे वाटले. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता निम्म्या पैशांत भागवायचं. पण आपल्याला कसली चिंता? माणसं जोडून ठेवलीत मी."

मलाही ते खरंच वाटत होतं. आमच्या घरात तांदूळ विकत आणलेला मी कधी पाहिला नव्हता. हे पोलादपूरकडच्या वाड्यांवर फिरतीला जात आणि मागोमाग डोईवर हारे घेऊन माणसं येत. तांदूळ, नाचणी, मध, फणस, काकड्या, पावसाच्या तोंडावर लाकूडफाट्याची गाडी. "सायबांसाठी वानवळा आणलाय," म्हणत. मी त्यांना गूळपाणी देई आणि हारा रिकामा करून घेई. लोकांची माया, असंच आम्ही म्हणत आलो होतो.

पेन्शन सुरू झाली आणि ती माया बघता बघता आटली.

आमचं घर कचेरीच्या वाटेवर. हे दिवसभर ओसरीवर बसत. तीच माणसं, तेच हारे समोरून जात, पण आता मागल्या आळीत, नव्या सर्कलच्या घरी. ह्यांना पाहिलं की माना खाली घालून भरभर चालत.

"कृतघ्न लेकाचे! ह्यांच्या जमिनींची कामं कोणी केली?" हे मला ऐकवत. जसं काही पगार सरकारनं दिलाच नव्हता.

एका सकाळी ह्यांनी एका म्हाताऱ्याला हाक मारून थांबवलं. "काय रे, ओळख विसरलास?"

"नाय जी. कसा इसरंन?"

"मग हे कुठं चाललंय?"

ह्यांनी त्याला हारा खाली ठेवायला लावला, स्वतः पायऱ्या उतरून वरचं फडकं सारलं, दोन पडवळं उचलली आणि आत आणून माझ्यासमोर टाकली. म्हातारा उघड्या हाऱ्यापाशी तसाच उभा. मी ती पडवळं शिजवली खरी, पण स्वतःच्या पानात वाढून घेतली नाहीत. हे मात्र मिटक्या मारत जेवले.

दिवाळी कोरडी गेली. मग ह्यांनी हवापालटाचं काढलं. "उमरठच्या बाजूला चार दिवस जाऊन येऊ. तिकडची माणसं अजून चांगली आहेत." पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी, शेवटची चढण पायी, असे आम्ही एका वाडीवर पोचलो. ह्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं घर अगदी टोकाला होतं. मुलगे मुंबईला गिरणीत, घरात नवराबायको दोघंच. आम्हांला पाहून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते मला दिसलं, ह्यांना नाही. हे घोंगडीवर ऐसपैस बसले आणि जुन्याच आवाजात म्हणाले, "उगाच फार करू नका हो. भाकरीवर तूप असलं म्हणजे झालं."

मी आत चुलीपाशी गेले. बाई भाकऱ्या थापत होती. हळूच म्हणाली, "बाय, सायबांना तूप लागतंच काय? नाय हाय घरात. म्हस मेली औंदा."

"नसू दे," मी म्हटलं.

"मागं लेकीच्या बाळंतपणाला गाडगं भरून ठेवलं व्हतं. जमिनीवर आमचं नाव चढवायचं व्हतं, सायेब आले, त्यांना दुसरं काय द्यावं? तेच दिलं. लेकीचं मग तेलावरच भागवलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाकरी उलटत ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरी हाय आता पोर."

ते गाडगं मला आठवलं. त्या तुपात मी बेसनाचे लाडू वळले होते आणि तूप किती सुवासिक म्हणून आळीभर सांगितलं होतं. धूर लागतोय असं म्हणून मी परसात गेले आणि केळीच्या बुंध्याशी ओकले.

बरं वाटत नाही म्हणून मी दुसऱ्याच दिवशी निघायला लावलं. निघताना ह्यांनी शेतकऱ्याला हसत विचारलं, "काय रे, रिकाम्या हातानंच पाठवतोस?" तो आत गेला आणि नाचणीचं बोचकं आणून त्यानं माझ्या पायांशी ठेवलं.

"नको," मी म्हणाले.

"अगं, प्रेमानं देताहेत."

"प्रेमानं नाही देत. अहो, तुम्ही नोकरीतून सुटलात, आता ह्यांना तरी सोडा."

परक्या माणसांपुढे मी ह्यांना कधी उलटून बोलले नव्हते. ह्यांचा चेहरा काळवंडला. शेतकरी जमिनीकडे बघत राहिला. वाटलं, आता तरी हे तसेच रिकाम्या हातानं निघतील. पण हे वाकले, बोचकं काखेत मारलं आणि चांदीच्या मुठीची काठी टेकत उतरणीला लागले. मी मागून चालले. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाच्या पाठीची मला किळस आली.

त्या नाचणीला मी हात लावला नाही. तिच्यात किडे झाले, तेव्हा ह्यांनीच ती न बोलता नेऊन टाकली. मी ह्यांच्याकडून पेन्शनीचे पैसे मागून घेतले आणि स्वतः बाजाराला गेले. तांदूळ काय भावानं मिळतो हे मला म्हातारपणाच्या उंबरठ्यावर कळलं. भांडीवाली बंद केली, दुपारचा चहा बंद केला, तूप सणापुरतं ठेवलं. परसात अळू आणि भेंडी लावली. ओढाताण झाली, पण उपाशी राहिलो नाही. पुढे हेही पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागले. भाव ऐकून चिडत, भाजीवालीशी हुज्जत घालत, मूठभर मिरच्या वर मागून घेत. तेवढं चालायचं. पैसे टाकून घेत होते.

मनातून मात्र ह्यांच्या काही गेलं नाही. ओसरीवर कोणी येऊन बसलं की सुरू होई, "आमच्या वेळी माणसांत माया होती हो. न मागता घर भरून द्यायचे." समोरचा मान डोलवी. मी पाण्याचा तांब्या ठेवून परसात जाई आणि हे बोलणं संपेपर्यंत अळूची पानं खुडत बसे.