सुनंदाचं इंजेक्शन आणि माझा अंगठा

माझ्या बायकोच्या संधिवाताचं पहिलं इंजेक्शन मला टोचलं गेलं. टोचणाराही मीच होतो.

हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण तुम्ही तर इंजेक्शनवालेच ना?" हो! घोटाळा तिथेच झाला. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे गुरांच्या दवाखान्यात. मारेगावपासून मुकुटबनपर्यंत एक म्हैस अशी दाखवा, जिच्या मागे मी सुई घेऊन धावलो नाही. (काही माझ्या मागे धावल्या, पण तो विषय वेगळा.) रिटायर होऊन पांढरकवड्यात घर बांधलं, तरी हात शिवशिवायचे काही थांबले नाहीत.

सुनंदाचं, म्हणजे बायकोचं, घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर. दोऱ्यानं भुवया कोरण्यात तिचा हात असा, की लग्नसराईत बायका अंगणात नंबर लावून बसायच्या. संधिवातानं नेमका तोच हात धरला. सकाळी बोटं सुजलेली, मूठ मिटायला तास लागायचा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. गोळ्या घेतल्या, बदलल्या, वाढवल्या. शेवटी पार्लरला कुलूप लागलं. ते मीच लावलं, कारण तिला किल्ली फिरवता येत नव्हती.

मग नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बायोलॉजिक सुरू करू. त्याआधी टीबीची तपासणी, छातीचा एक्स-रे, काविळीच्या टेस्ट, सगळं झालं. घरी येऊन मी आईला समजावलं, "माय, आपल्या अंगात रोगाशी लढनारे शिपाई असतात. सुनंदाचे शिपाई चुकून तिच्याच सांध्याइवर लाठ्या चालवून राह्यले. हे औषध त्याईले आवरते."

"म्हंजे घरचेच लोक तरास देऊन राह्यले," आई म्हणाली आणि तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

औषध घ्यायला आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. इंजेक्शन म्हणजे पेन होतं. पेन कसलं, जाडजूड मार्कर! सुई आत लपलेली. मांडीवर टेकवून दाबलं, की सुई आपोआप बाहेर आणि औषध अंगात. नर्स नमुन्याच्या पेनावर सगळं दाखवत होती आणि मी तिला एका मारक्या बैलाचा किस्सा सांगत होतो.

"काका, इकडे लक्ष द्या ना!"

"अवो सिस्टर, बैल हलते. बायको कुठं हलनार हाय?"

पहिलं इंजेक्शन तिथेच द्यायचं होतं. पण सुनंदाला नेमकी सर्दी झालेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर्दी पूर्ण जाऊ द्या. मला फोन करा, आणि मग तिथल्याच एखाद्या नर्सकडून घ्या." यातलं 'नर्सकडून' मी ऐकलंच नाही.

दोन पेनं थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून आम्ही बसमध्ये बसलो. डबा माझ्या मांडीवर. शेजारचा म्हणाला, "मासोया काय?" मी म्हटलं, "औषध." मागच्या सीटवरून एक ओळखीचा शेतकरी ओरडला, "साहेब, आमच्या गाईसाठीबी एक ठेवा!" सुनंदानं पदर तोंडावर घेतला तो थेट गाव येईपर्यंत.

घरी फ्रिजमध्ये जागा करायची म्हणून मी आईची कढी, लोणचं आणि दही बाहेर काढलं. "दोन पेनाइसाठी माई कढी बाहेर?" आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सर्दी गेली. फोनवर डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं. सुनंदा म्हणाली, "चौकातल्या दवाखान्यात जाऊन येऊ."

"घरात डॉक्टर असतानी दवाखाना कायले?"

"तुमी तं ढोराचे डाक्टर!"

"ढोर बोलत नाई म्हनून ते काम जास्त कठीन हाय!"

शेवटी ती पलंगावर बसली. शेजारी आई. पुण्याहून आमची मुलगी पिंकी व्हिडिओ कॉलवर. मी हात धुतले, मांडी पुसली, टोपण काढलं. पेनाला दोन टोकं होती, दोन्ही बोथट, दोन्ही सारखीच साधीभोळी. माझा अंगठा नोकरीभर जिथे गेला तिथेच गेला, दट्ट्यावर. म्हणजे मला जो दट्ट्या वाटला त्यावर!

"सुनंदा, डोये मिट. मुंगी चावल्यावानी वाटन."

तिनं डोळे गच्च मिटले. मी पेन तिच्या मांडीवर टेकवलं आणि वरून अंगठ्यानं जोरात दाबलं.

खट्!

मुंगी मला चावली. मी अशी बोंब ठोकली की फोनमधल्या पिंकीनं कानांवर हात ठेवले. हात झटकला तसं उरलेलं औषध आईच्या लुगड्यावर उडालं. आणि सुनंदा? डोळे मिटूनच, अगदी कौतुकानं म्हणाली, "अवो, मले तं काईच समजलं नाई! किती हलका हात हाय तुमचा!"

"आई, डोळे उघड," पिंकी म्हणाली. "बाबांनी पेन उलटं धरलं."

आईनं माझा रक्ताळलेला अंगठा पाहिला. "कोनाले देलं बापू?"

"मले."

"अन् सुनंदाचं?"

मी तिच्या लुगड्यावरच्या थेंबांकडे बोट दाखवलं. सुनंदानं साडी गुडघ्यावर ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, "किती हिंमत गोया केलती मी आज." त्या वाक्यानं अंगठ्याहून जास्त दुखलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. हसू दाबायला बाजूला ठेवलेला फोन मला आता ओळखता येतो. मग त्या म्हणाल्या, "उद्या इकडे या, दाखवून जा. ताप किंवा खोकला आला तर आधीच कळवा. बरं, तुमची टीबीची तपासणी झालेली आहे का?"

"म्हशीच्या केल्या आजवर, मॅडम."

त्यामुळे माझाही एक्स-रे निघाला, माझंही रक्त गेलं. तोवर पिंकीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळं टाकलेलं! माणसं केळी घेऊन यायला लागली, आणि मलाच भेटायला. "भाऊ, तब्येत कशी हाय?" "गुडघे मोकये झाले काय?" आई प्रत्येकाला दारातच सांगायची, "त्याले काई नाई झालं. सुनेचं औषध अंगात घेऊन बसला, अजून काय होईन!"

दुसऱ्या पेनाच्या वेळी सुनंदानं जाहीर केलं, "आता मीच घेईन." पेन कसं वापरायचं याचा व्हिडिओ तिनं पुन्हा पुन्हा पाहिला. बोटं वळत नव्हती, म्हणून पेन दोन्ही तळव्यांत धरलं. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला अंगणात उभं केलं होतं, खिडकीतून बघायची तेवढी परवानगी. मग तिनं दाबलं. खट्. थोड्या वेळानं पुन्हा खट्, म्हणजे औषध पूर्ण गेलं.

"झालं?" ती म्हणाली. "इतकुसंच?" आणि खिडकीकडे वळली. "याच्यासाठी तुमी बैलावानी वरडले?"

औषध काही जादू नव्हतं. पहिले काही आठवडे तर काहीच फरक नाही, आणि ती रात्री बोटं उघडझाप करून बघायची. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर ती आरशासमोर बसून स्वतःची वेणी घालत होती. सावकाश, मधेच थांबत. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी चहा तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन उगाच झाडांना पाणी घातलं. (आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला.) हल्ली पार्लर रोज थोडा वेळ उघडतं. सूज कधी डोकं वर काढते, पण सकाळचा कप एका हातात असतो.

इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी असतं. त्या दिवशी दोघी सासू-सुना माझ्या हातात गव्हाचा डबा देतात. "दयन आना. घाई नका करू." मला वाटायचं, सुनंदाला भूक चांगली लागून राह्यली, औषध लागू पडलं! परवा गिरणीत गेलो, तर नंबर आला तरी गिरणीवाला माझा डबा उचलेना. मी आवाज चढवला, "माया नंबर हाय ना रे भाऊ!"

तो म्हणाला, "बसा साहेब. घरून फोन आल्याबिगर तुमचं दयन द्याचं नाई, असं वहिनीनं सांगून ठेवलं हाय."